फळ्याचा खालचा अर्धा भाग

अख्ख्या नागपुरात ज्याच्यासमोर "जाऊ द्या हो, दोन्ही एकच" असं म्हणायची सोय नाही, असा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. लोकांचे भाऊजी मेहुण्याला पान खाऊ घालतात, राजकारणावरून भांडतात, फार तर लग्नात रुसून बसतात. आमचे भाऊजी मला फाटकातच अडवून विचारायचे, "तू व्हिजिटर म्हणून आला का गेस्ट म्हणून?" पस्तीस वर्षं मी दर रविवारी महाल भागातून सक्करदऱ्याला जातो आहे आणि या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला एकदाही देता आलेलं नाही. व्हिजिटर म्हटलं की ते म्हणणार, व्हिजिटरचं काही काम असते, काम सांग. गेस्ट म्हटलं की म्हणणार, गेस्टले बोलावणं असते, तुले कोणं बोलावलं? मी स्कूटर स्टँडवर लावून, हेल्मेट काखेत धरून, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात उभा. शेवटी आतून ताईचा आवाज यायचा, "येऊ द्या न त्याले! उन्हात उभा आहे बिचारा बाळ्या." मग फाटक उघडायचं. माझं वय अठ्ठावन्न आहे, महालात माझं वह्या-पेनांचं बऱ्यापैकी चालणारं दुकान आहे, आणि तरी सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत मी बाळ्याच.

भाऊजी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. त्यांचा सगळा जीव अडकलाय तो इंग्रजीतल्या अशा शब्दांमध्ये, जे एकमेकांसारखे वाटतात आणि लोक बिनधास्त एकाच्या जागी दुसरा खपवतात. हाउस आणि होम. जॉब आणि वर्क. कॉपी आणि ड्युप्लिकेट. गंमत म्हणजे भाऊजी इंग्रजी बोलत नाहीत. सलग एक इंग्रजी वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. बोलणं अस्सल नागपुरी, 'काहून' शिवाय प्रश्न नाही आणि 'बाप्पा' शिवाय आश्चर्य नाही. पण त्या बोलण्यात मधेच एखादी इंग्रजी जोडी येऊन बसते आणि मग समोरच्याची खैर नसते. एका एप्रिलात कूलर दुरुस्त करणारा आला. त्याने वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पंप बसवला, घाम पुसला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "घ्या काका, एकदम कोल्ड हवा." भाऊजींनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास समजावलं की कोल्ड हवेनं माणूस आखडते, कूल हवेनं माणसाले झोप लागते, अन् आम्हाले झोप पाहिजे. त्या बिचाऱ्याचे त्या दिवशीचे दोन कूलर राहिले. आता तो दरवर्षी फाटकाबाहेरूनच ओरडतो, "काका, कूल करायले आलो!"

एकदा पौर्णिमेच्या कार्यक्रमात वस्तीतल्या विहारात आभार मानायचं काम त्यांच्याकडे आलं. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली देव जाणे, पण निघाली. पांढराशुभ्र शर्ट घालून भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले की आभार मानण्याआधी थँक्स आणि ग्रॅटिट्यूड यांत काय फरक आहे तेवढं स्पष्ट करून घेऊ. थँक्स तोंडानं म्हणतात, तिथंच संपते. ग्रॅटिट्यूड मनात राहते, वर्षानुवर्षं राहते, कधी कधी म्हणायचंही राहून जाते. बोलले छान, मी खोटं कशाला सांगू, मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. पण चाळीस मिनिटं बोलून ते खाली बसले आणि ज्यांचे आभार मानायचे होते त्यांतल्या एकाचंही नाव घेतलं नाही. मंडपवाला तर तीन दिवस फुगून होता. ताईने त्याच्या घरी डबाभर चिवडा पोचवला तेव्हा प्रकरण मिटलं.

भाचीच्या लग्नाच्या वेळी तर माझं रक्त आटलं होतं. स्थळ चांगलं होतं. मुलगा कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, माणसं बरी. मुलाच्या वडिलांनी इंग्रजीत टाइप केलेला बायोडाटा पाठवला. भाऊजींनी तो लाल पेन घेऊन तपासला आणि परत पाठवला. हो, तपासून परत पाठवला! मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी 'एक्सपेक्टेशन' असं शीर्षक देऊन त्याखाली त्या लोकांनी फ्रिज, मोटारसायकल, सोफा अशी सहा कलमं लिहिली होती. भाऊजींनी 'एक्सपेक्टेशन' वर एक सरळ रेघ मारली आणि वर नीट अक्षरात लिहिलं, 'डिमांड'. समासात टीप दिली की एक्सपेक्टेशन माणसाकडून असते, डिमांड वस्तूची असते, कृपया दुरुस्ती करावी. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, झालं, गेलं स्थळ. आठ दिवसांनी मुलगा एकटाच आला, हातात तोच कागद. ती सहाच्या सहा कलमं त्याने स्वतः खोडली होती आणि त्याला भाऊजींकडून तपासून पाहिजे होतं की आता बरोबर आहे का. भाची पडद्यामागून बघत होती. आज तिला एक मुलगी आहे आणि जावई सासऱ्यावर जीव टाकतो.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, भाऊजी, हे खूळ तुम्हाला लागलं तरी कुठून? वाटलं, हसण्यावारी नेतील. पण ते गंभीर झाले आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगितली. साहेबांनी तोंडी सांगितलं, अमुक चपराशाला सस्पेंड करायचं पत्र काढा. यांनी घाईत टाइप केलं, टर्मिनेट. साहेबांनी न वाचता सही केली, पत्र गेलं. सस्पेंड म्हणजे थांब, चौकशी होईल. टर्मिनेट म्हणजे संपलं, घरी जा. दोन दिवसांनी चूक ध्यानात आली तेव्हा भाऊजी दुरुस्त केलेलं पत्र घेऊन सायकलवर त्या चपराशाचं घर शोधत गेले. घरात चूल पेटली नव्हती. बायको रडत होती आणि तो माणूस भिंतीला टेकून नुसता बसून होता. "त्याचा चेहरा मी विसरलो नाही गा," ते म्हणाले. "त्यानं मले माफ केलं, चहासुद्धा पाजला. पण दोन दिवस तो माणूस माह्या एका शब्दापायी मेल्यासारखा बसला होता." त्यानंतर मी त्यांची थट्टा बंद केली असं नाही, पण आधीच्यासारखी मजा येईना.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या शिकवणीवर्गातला फळा आणला आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून ठोकला. खडू माझ्या दुकानातले. रोज सकाळी सहाला वरच्या अर्ध्या भागात दोन इंग्रजी शब्द आणि खाली मराठीत एका ओळीत फरक. दूधवाला, पेपरवाला, तलावाकडे फिरायला निघालेली म्हातारी मंडळी, शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या आया, सगळे थांबून वाचायचे. भाऊजींना वाटायचं, गल्ली शहाणी होऊन राहिली. पण खरं सांगू का, गल्ली थांबायची ती खालच्या अर्ध्या भागासाठी. तो ताईचा होता.

माझी ताई दहावीपर्यंत शिकलेली, घरीच ब्लाउज शिवते, अख्ख्या सक्करदऱ्याच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. भाऊजी लिहून आत गेले की ती फाटकासमोर झाडायला बाहेर यायची, फळा वाचायची, झाडू भिंतीला टेकवायची आणि उरलेल्या जागेत आपली एक ओळ ठोकून द्यायची. भाऊजींनी 'हिअर' आणि 'लिसन' लिहिलं, तर ताईने खाली लिहिलं: "हिअर म्हणजे मी बोलून राहिली ते यायले ऐकू येते. लिसन अजून झालं नाही." 'अलोन' आणि 'लोनली' च्या दिवशी: "अलोन म्हणजे सारे बाहेर गेले अन् मी पंख्याखाली पडली. लोनली मले ठाऊक नाही, हे कुठी जातच नाही." लोक मोठ्याने हसायचे. आणि सबंध जगाचे शब्द तपासणाऱ्या या गृहस्थाने ताईच्या ओळीतली एक काना-मात्रासुद्धा कधी पुसली नाही. त्यावर डस्टर फिरवायचा दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही आधी वाचून.

त्यातली एक जोडी मला मुद्दाम सांगायची आहे, कारण पुढे तिनेच आमचा जीव टांगणीला लावला. एका सकाळी भाऊजींच्या स्कूटरची चावी सापडेना. घर उलटंपालटं केलं. मी म्हटलं, हरवली असेल, दुसरी बनवून घ्या. झालं! भाऊजी शोधायचं सोडून खुर्चीवर बसले. म्हणाले, लूज आणि मिसप्लेस एक नाही. लूज झालेली वस्तू आपल्या घरात राहत नाही, गेली ती गेली. मिसप्लेस झालेली वस्तू आपल्याच घरात असते, फक्त तिची जागा चुकलेली असते. तिच्यासाठी दुसरी बनवत नाहीत, तिले शोधतात. तासाभराने ताईला चावी शिलाई मशीनच्या खणात, रिळांमध्ये मिळाली. त्या दिवशी खालच्या अर्ध्या भागात होतं: "चावी भेटली. यायचं डोकं कुठी ठेवलं आहे त्याचा तपास चालू आहे."

मागच्या थंडीत ताईला झटका आला. सकाळीच, फळ्यासमोर. खडू हातातून पडला, वाकून उचलायला गेली आणि तिथंच बसली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती शुद्धीत होती, सगळं कळत होतं, आम्ही काय बोलतो त्यावर डोळे हलत होते, पण तिला म्हणायचं असायचं एक आणि तोंडातून निघायचं भलतंच, नाहीतर काहीच नाही. तिच्याच डोळ्यांत ते दिसायचं, की हे मी म्हणाले ते बरोबर नव्हे. मी बाहेर जाऊन रडलो. लपवण्यासारखं त्यात काय आहे? ज्या आवाजाने मला उन्हातून आत घेतलं, तो आवाजच नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार?

डॉक्टर तरुण होता, बोलायला नम्र. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला की पेशंटचे बरेच शब्द लॉस्ट झाले आहेत, किती परत येतील आज सांगता येणार नाही. भाऊजी तीन दिवसांत कोणाशी बोलले नव्हते. ते एकदम म्हणाले, "लॉस्ट नाही, डॉक्टरसाहेब. मिसप्लेस. तिचे शब्द दुसऱ्याच्या घरी नाही गेले. तिच्याच डोक्यात आहेत, जागा चुकली फक्त." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. एरवी मी जमिनीत गडप झालो असतो. पण त्या दिवशी, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, मला मनापासून वाटलं की या माणसाचंच खरं निघू दे. डॉक्टर म्हणाला, "शोधून बघू काका." मला तो मुलगा आवडला.

घरी आणल्यावर बोलणं शिकवायला एक मुलगी येऊ लागली. तिने चित्रांची कार्डं दिली. सांगून गेली की दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, चित्र दाखवा, जे म्हणतील त्याचं कौतुक करा, थकवू नका. आता ही कार्डं भाऊजींच्या हातात पडली, म्हणजे काय होणार ते तुम्ही ओळखलं असेल. पंधरा मिनिटांचे चार तास झाले. वाटीचं चित्र बघून ताई कष्टाने म्हणाली, "चमचा." आनंदाने टाळी वाजवायची तर भाऊजींनी स्वयंपाकघरातून वाटी आणि चमचा दोन्ही आणले आणि फरक समजावला. चमच्यानं घेतात, वाटीत घेतात. उशीला ती मंगळवार म्हणाली, तर कॅलेंडर उतरवून आणलं. मनात काही वाईट नव्हतं, माणूस जीव तोडून करत होता. जेवणाचं भान नव्हतं. पण तिसऱ्या आठवड्यात ताईने तोंडच मिटलं. दवाखान्यातून येताना हो, नको, चहा असे जे चार-दोन शब्द तिने आणले होते, तेही बंद. भाऊजींनी कार्डांचा डबा उघडला की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. डॉक्टरने सांगितलेलं आम्हाला माहीत होतं, पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल. आणि त्यातला एकेक दिवस असा भिंतीकडे तोंड करून चालला होता.

त्या रविवारी मी गेलो तर फाटकात मला कोणी अडवलं नाही. आत भाऊजी ताईच्या पाठीशी बसून हातात रेल्वेचं कार्ड धरून सांगत होते, हे बघ, त्या दिवशी तू याले पाणी म्हटलं होतं, पाणी अन् रेल्वे यात काय फरक आहे सांग बरं. माझं डोकं सणकलं. मोठ्या माणसासमोर मी कधी आवाज चढवलेला नाही, पण त्या दिवशी चढवला. "भाऊजी, तुम्ही तिले शिकवून राहिले का तिची परीक्षा घेऊन राहिले?" मी म्हटलं. "टीच अन् टेस्ट यात फरक असते का नाही? का तोही मीच सांगू तुम्हाले?"

त्यांनी कार्डं एकेक करून डब्यात ठेवली, झाकण लावलं, बाहेर गेले आणि फळा पुसायला लागले. त्यावर झटक्याच्या सकाळची जोडी तशीच होती. इतके दिवस त्यांनी ती पुसली नव्हती. मी मागे गेलो, माफी मागायची होती. ते पाठमोरेच म्हणाले, "तू बरोबर बोलला गा. सारी जिंदगी मी लोकायचे शब्द तपासले. तिचे कधीच नाही तपासले. मंग आत्ताच काहून तपासले मी?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं. "घाबरलो होतो. फरक समजावला की मले वाटते सारं ठीक होईल. दुसरं काही येतच नाही न मले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दुकानातून एक लांबडं रजिस्टर मागवलं, कचेरीत असायचं तसलं. त्याला कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'आवक'. डाव्या रकान्यात ताई म्हणेल तो शब्द, मधल्यात त्याचा अर्थ, उजवा रिकामा. आता ताई काहीही म्हणाली तरी कोणी दुरुस्त करायचं नाही, समजून घ्यायचं आणि रजिस्टरात नोंद. रेल्वे म्हणजे पाणी. मंगळवार म्हणजे उशी. पोपट म्हणजे पंखा कमी करा. आणि कूलर म्हणजे मी. का, ते विचारू नका, मी दारात दिसलो की ती म्हणायची, "कूलर." भाऊजींनी ही नोंद केली तेव्हा त्यांच्या मिशीत हसू होतं, ते मी पाहिलं. आठ-पंधरा दिवसांत सगळं घर ताईची भाषा बोलायला लागलं. भाची कळमेश्वरहून आली की आधी रजिस्टर वाचायची आणि मग आत जाऊन विचारायची, "आई, रेल्वे देऊ? थंडी का साधी?" ताई खुदकन हसायची. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती या रेल्वेवर. बोलणं शिकवणाऱ्या मुलीला मी जरा भीत भीत हे सांगितलं. ती म्हणाली, चालू द्या, त्यांना बोलावंसं वाटतंय हेच तर पाहिजे होतं.

आणि बोलावंसं वाटू लागल्यावर शब्द यायला लागले. एकेक, न सांगता. एका दुपारी ताईने उशीकडे बोट केलं आणि म्हणाली, "उशी." भाऊजी आनंदाने ओरडले नाहीत की काही नाही. शांतपणे रजिस्टर काढलं, मंगळवारच्या ओळीत उजव्या रकान्यात 'उशी, आवक' असं लिहिलं, तारीख टाकली आणि बारीक सही केली. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले. मी आत डोकावलो नाही.

फळा मात्र कोराच होता. उन्हाळा लागला, कूलरवाला येऊन गेला, तरी कोराच. दूधवाला मला विचारायचा, काकांनी लिहायचं काहून सोडलं? मी काय सांगणार? एका रविवारी सकाळीच पोचलो तर ताई काठी घेऊन फाटकाबाहेर उभी, भाऊजींच्या आधाराने. ती फळ्याकडे बोट करून काहीतरी मागत होती. भाऊजींनी खडू पुढे केला तर तिने तो त्यांच्याकडेच ढकलला. वर तुम्ही, असं ते होतं. भाऊजी गोंधळले. इतक्या महिन्यांत त्यांनी एकही जोडी मनात योजली नव्हती. मग त्यांनी हळूच लिहिलं, 'लूज' आणि 'मिसप्लेस'. खाली फरकाची ओळ लिहिलीच नाही. दूधवाला थांबला, शेजारचे गृहस्थ पेपर घेऊन थांबले. ताईने डाव्या हातात खडू घेतला, फळ्याला टेकवला आणि खडू पडला. मी पुढे झालो, तर भाऊजींनी मला हाताने थोपवलं. त्यांनी खडू उचलला आणि साहेबांसमोर क्लार्क उभा राहतो तसे, खडू तयार धरून, ताईच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ताईने डोळे मिटले, ओठ दोनदा हलले.

"सापडून," ती म्हणाली. आणि खूप वेळाने, "राहिलं."

भाऊजींनी ते जसं निघालं तसं खालच्या अर्ध्या भागात लिहिलं. पस्तीस वर्षांत मी त्यांचं अक्षर वाकडं आलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. दूधवाल्याने वाचलं, "वा, काकू," एवढंच म्हणाला आणि निघाला. वेळ झाली होती त्याची.

सगळं आलंय असं नाही. आधीसारख्या लांबलचक, चिमटे काढणाऱ्या ओळी आता नसतात. कधी दोन शब्द, कधी एकच, आणि भाऊजी लिहून घेतात. तिचं ते झाडू टेकवून भराभरा लिहिणं मला आठवतं. रजिस्टरात बऱ्याच ओळींचा उजवा रकाना अजून कोरा आहे. 'कूलर' च्या ओळीचाही. मी एकदा भाऊजींना म्हटलं, तिथं बाळ्या कधी येईल? ते म्हणाले, "वेट अन् होप एक नाही गा. वेट करणारा घड्याळ पाहते." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला चहा दिला.

मागच्या रविवारी मी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काखेत धरलं, तर भाऊजी फाटकात आडवे. कितीतरी महिन्यांनी त्यांनी विचारलं, "तू व्हिजिटर म्हणून आला का गेस्ट म्हणून?" आम्ही दोघं म्हातारे उन्हात घराकडे कान लावून उभे राहिलो. शिलाई मशीनच्या बाजूने काठीचा आवाज आला, मग काहीच नाही, मग परत काठी. माझ्या टाळूवर ऊन चटके देत होतं, पण मी हललो नाही.

"कूलरले," आतून आवाज आला. थांबला. "येऊ द्या न."

भाऊजींनी फाटक उघडलं. मी ओ दिली आणि आत गेलो.